मयूचा दहावा

जूचंद्रच्या खाडीवरच्या घाटाने पुष्कळांचे दहावे पाहिले असतील, पण जी कधी जन्मलीच नव्हती अशा बाईचा दहावा त्याने एकदाच पाहिला. बाई चीनची, राजघराण्यातली, वय वर्षे एकोणीस. छत्तिसाव्या भागात, एकेचाळिसाव्या मिनिटाला छातीत बाण लागून गेली. आणि तिचा पिंड ठेवला हंसाबाईंनी.

हंसाबाईंना कुणी खुळ्यात काढू नये. सासऱ्याच्या भातशेतीवर टॉवर उभा राहिला तेव्हा बिल्डरच्या माणसाला तीनदा उन्हात तिष्ठत ठेवून चौथ्या मजल्यावरचा, खाडीकडे तोंड असलेला फ्लॅट पदरात पाडून घेणारी ही बाई. नवरा गेला तेव्हासुद्धा लोकांपुढे तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. पण सून ज्ञानदा बाळंतपणाच्या रजेवर घरी बसली, रक्तदाब वाढतोय म्हणून डॉक्टरांनी तिला सोफ्यावरून फारसं उठू नको म्हणून बजावलं, आणि वेळ जावा म्हणून तिने टीव्हीवर ती चिनी मालिका लावली. तेव्हापासून त्या घरात दुपारचे तीन वाजले की पंखासुद्धा हळू फिरायचा.

शेजारच्या जयवंती वहिनी यायच्या. पोस्टातून निवृत्त, मूळच्या कोकणातल्या, कुणाचंही पत्र न फोडता वाचता येतं असा चेहरा. तिसऱ्या मजल्यावरून थेरेसा यायची, हातात वाटाणे सोलायला घेऊन. मधोमध ज्ञानदा, पाय उशीवर. मालिकेचं नाव चौघींतल्या एकीलाही धड उच्चारता येत नव्हतं. राजकन्येचं नाव मेईयू. दुसऱ्या दिवशीच तिची मयू झाली, जशी काही गल्लीतलीच.

"ही पांढरं नेसून कशाला फिरते गो?" पहिल्याच आठवड्यात हंसाबाईंनी विचारलं. "त्यांच्यात चालतं का असं?"

"नाही हो आई, त्यांच्यातही पांढरं सुतकाचंच असतं."

"म्हंजे मरनार ही."

"अहो, दुसराच भाग आहे!"

"मरनार," हंसाबाई म्हणाल्या आणि चहाला उठल्या. त्यांचं ते बोलणं तेव्हा सगळ्यांनी हसण्यावारी नेलं.

भाग संपला की ज्ञानदा मोबाईलवर लोकांनी खाली काय काय लिहिलंय ते वाचून दाखवायची. तो मालिकेपेक्षा मोठा तमाशा. इंदोरची कुणी लिहायची, सेनापतीने मयूचा हात धरला आणि माझी दूधपिशवी गॅसवरच फुटली. ब्राझीलची एक बाई तीन दिवस कामावर गेली नव्हती. एकाने सेनापतीला शिव्या घातल्या होत्या, त्या शिव्यांना चार हजार लोकांनी अंगठे दिले होते.

"चार हजार?" जयवंती वहिनींनी चष्मा वर केला. "आमच्या पोस्टमास्तरला मी एकटीनं घातल्या होत्या, कुणी अंगठा दिला नाही."

पण त्या गर्दीत आणखी एक जात होती. मूळ कादंबरी वाचलेल्यांची. ती माणसं फार बोलत नसत. कादंबरी तीन खंडांची, आणि मालिका दोनच खंडांवर केलेली, एवढं त्यांच्याकडून कळलं. तिसऱ्या खंडाबद्दल कुणी विचारलं की एकच उत्तर यायचं. गाळला ते बरं केलं. इंडोनेशियाहून तेच, केनियाहून तेच, पाटण्याहून तेच. गाळला ते बरंच केलं. जणू सगळ्यांनी एकाच देवळात शपथ घेतली होती.

"का गो, काय हाय त्यात?"

"माहीत नाही आई. मी पण पहिलाच खंड वाचलाय. तिसऱ्याचं भाषांतर कुणीतरी करतंय, अर्धवट आहे."

मग छत्तिसावा, शेवटचा भाग आला. मयूला बाण लागला, ती पुलावरून नदीत पडली, सेनापती किनाऱ्यावर ओरडला आणि घोड्यावर बसून लढाईला निघून गेला. पडदा काळा झाला. थेरेसाने छातीवर क्रूस केला. जयवंती वहिनी भिंतीकडे तोंड करून बसल्या. ज्ञानदा तर अशी रडली की पोटातलं बाळ फिरलं, वरून दिसलं.

हंसाबाई रडल्या नाहीत. त्यांना राग आला. "कोनी शोधलंच नाय तिला? पानी नाय, लाकूड नाय, काय नाय? राजाची पोर ना ती?"

त्या रात्री टॉवरमधल्या तीन घरांत फोडणी पडली नाही. इथवर गंमत होती. दुसऱ्या सकाळी हंसाबाईंच्या खिडकीच्या ग्रिलवर कावळा येऊन बसला. चपातीचा तुकडा टाकला, शिवला नाही. भात टाकला, मान फिरवली. असा रोज येऊन हॉलमधल्या बंद टीव्हीकडे बघत बसायचा. पाचव्या दिवशी जयवंती वहिनी सांगत आल्या, त्यांच्या घरातली सगळी घड्याळं तीन एकेचाळीसला थांबलीत, भिंतीवरचं, मनगटावरचं आणि जे दोन वर्षं बंदच होतं तेसुद्धा. थेरेसाच्या बादलीतल्या पाण्यावर भर मे महिन्यात बर्फाची पातळ साय धरली. तिने ती चमच्याने काढून हंसाबाईंना दाखवायला आणली, पण जिन्यात वितळली. म्हणजे ती तरी तसं म्हणाली.

"अडकलीय पोर," हंसाबाई म्हणाल्या. "दहावा घालू या."

प्रल्हाद गुरुजी गावातले. ऐकून त्यांनी आधी शेंडीला हात लावून बघितला, जागेवर आहे ना म्हणून. "गोत्र काय लिहू, हंसाबाई?"

"ज्याचं गोत्र ठाव नाय त्याला काश्यप लावतात, तुमीच बोल्ले होते माज्या चुलत सासऱ्याच्या वेळंला."

गुरुजी म्हणाले, "बुधवारी मला घाटावर दुसऱ्या एकांचं काम आहेच. बाजूला तुम्ही काय मांडता, तिकडे मी बघणार नाही. मंत्र मात्र मोठ्यानं म्हणायची मला सवय आहे."

ज्ञानदाला न्यायचं नव्हतंच. पोटुशी बाईने घाटावर पाऊल ठेवायचं नाही. तिला सांगितलं, देवीला जाऊन येतो. तिघी गेल्या. दर्भ, तीळ, भाताचा पिंड आणि मोबाईलच्या दुकानातून काढून आणलेला मयूचा रंगीत फोटो. गुरुजी दहा हातांवर पाठ करून बसले होते.

गुरुजींच्या यजमानांनी ठेवलेल्या पिंडाला दोन मिनिटांत कावळा शिवला. मयूच्या पिंडाभोवती एक पाखरू नाही. घाटावरच्या उंबरावर कावळे होते. मोजले तर अकरा. खाली बघत होते, बस.

असं झालं की गेलेल्याचं काहीतरी मागं राहिलेलं असतं. मग घरच्यांनी एकेकाने पुढे होऊन शब्द द्यायचा. तुझ्या पोरांना बघीन, तुझं शेत विकणार नाही, धाकट्याचं लग्न लावीन. ज्या शब्दावर कावळा उतरेल तो शब्द पाळायचा, मग काय वाटेल ते होवो. हे त्या काठावर लहान पोरालाही ठाऊक.

जयवंती वहिनी पुढे झाल्या. "बाळ मयू, त्या सेनापतीला आम्ही कधी माफ करणार नाही."

कावळे हलले नाहीत.

"मी तुझ्यासाठी आमच्या देवळात मेणबत्ती लावीन," थेरेसा म्हणाली. "दर शुक्रवारी. आणि फादरना विचारून तुझ्या आत्म्यासाठी एक मिस्सापण."

एकाने चोच फांदीला पुसली.

"दुसरा सीझन आला तरी आम्ही बघणार नाही!" जयवंती वहिनींनी पुन्हा प्रयत्न केला.

ऊन चढलं. गुरुजींचे यजमान निघून गेले. खाडीचं पाणी ओसरायला लागलं, चिखल उघडा पडला. हंसाबाईंच्या मनात त्या पोरीचं नदीत पडणं पुन्हा पुन्हा येत होतं. घर नाही, आई नाही, बाप राजा असून नसल्यासारखा. पिंडापुढे त्या खाली बसल्या, नवऱ्याच्या वेळी बसल्या नव्हत्या तशा, आणि तोंडातून निघून गेलं.

"ये पोरी. माज्या घरी ये. माज्या सुनेचे पोटी ये. नात म्हनून वाढवीन तुला."

अकराच्या अकरा कावळे एकदम उतरले. ओरडले नाहीत. पंखांचासुद्धा आवाज झाला नाही. पिंड बघता बघता साफ झाला, खालचं पानसुद्धा फाटलं नाही.

"झालं!" थेरेसा टाळी वाजवणार होती. प्रल्हाद गुरुजींकडे लक्ष गेलं आणि हात तिथेच राहिले. गुरुजी आता तोंड इकडे करून उभे होते.

"काय बोललात हंसाबाई?"

"काय वाकडं बोल्ले? नात मागितली."

गुरुजींनी तांब्या उचलला आणि चालायला लागले.

घरी सगळं ठीक झालं. कावळा गेला, घड्याळं चालली, बंद होतं तेही. ज्ञानदाला मात्र त्या दिवसापासून उकाडा सोसेना. एसी सोळावर ठेवून ती पातळ गाऊनमध्ये बसायची, आणि हात लावला तर हात गार. मालिकेचं गाणं लागलं की पोटातलं बाळ असं उसळायचं की वरची चहाची बशी घरंगळायची. भूपेश, म्हणजे हंसाबाईंचा मुलगा, म्हणाला, "डान्सर होनार हाय." हंसाबाई हसल्या. हरखल्याच होत्या त्या. आठवडाभर डिंक, खारीक, गोधडीचे तुकडे, हेच चाललं होतं.

आठव्या दिवशी त्या वाटण परतत होत्या आणि ज्ञानदा स्वयंपाकघराच्या दारात मोबाईल घेऊन आली.

"आई, तिसरा खंड आला! पूर्ण. रात्रभर वाचला."

"सांग सांग."

"मयू मरते ना, तर तिला घर हवं असतं. म्हणून ती भटकत राहते. आणि जी कुणी बाई तिला माझ्या घरी ये म्हणेल, तिच्या घरी ती जन्म घेते. तीनदा घेते. शेवटी तिसऱ्या जन्मात सेनापती भेटतो, वगैरे."

"चांगलंच हाय की. त्यात गाळायसारखं काय?"

"तेच ना, मधलं. ती जिच्या पोटी येते ना, ती बाई वाचत नाही. तिन्ही वेळा. मुलीचं तोंड बघायच्या आत संपते." ज्ञानदाने फ्रीजमधून बर्फाचा खडा काढून तोंडात टाकला. "त्यातली दुसरी तर सून असते. सासूनंच बोलावलेलं. मी म्हटलं, अशी कुठली मूर्ख बाई असेल?"

आणि हसली. वाटण खाली लागलं. वास सुटला तरी हंसाबाईंचा हात झाऱ्यावर तसाच होता.

त्या दिवशी त्यांनी काय काय केलं ते विचारू नका. मीठमोहऱ्या उतरवल्या. चंडिकेची ओटी भरली. थेरेसाने पवित्र पाण्याची बाटली आणून दिली, तीही घरभर शिंपडली. जयवंती वहिनी म्हणाल्या, "हंसाताई, कादंबरी आहे ती. कुणीतरी बसून लिहिलेली."

"वयनी, तिचा पिंड शिवला ना?"

टपाल खात्यात चाळीस वर्षं काढलेल्या बाईला पोहोच मिळाली म्हणजे काय, हे कुणी समजावायची गरज नव्हती.

संध्याकाळी हंसाबाई गुरुजींच्या ओसरीवर जाऊन बसल्या. "शब्द परत घ्यायचा हाय."

"घाटावर दिलेला परत येत नाही."

"मग मोडते मी. माज्या माथी पाप."

"तुमच्या माथी नाही येणार ते. शब्दात नाव सुनेचं आहे." गुरुजींनी सुपारी खाली ठेवली. "मोडता येत नाही. वर नव्या शब्दाची भर घालता येते. पण त्याला पुन्हा पिंड लागतो, आणि तिचा तर शिवून झाला. गेलेल्याचा दहावा दोनदा होत नाही."

"मग दुसऱ्या कोनाचा तरी ठेवा."

"दुसरं कोण मेलंय?"

हंसाबाई ओसरीच्या कडेला बोट घासत बसल्या. मग म्हणाल्या, "संन्यास घेनारे आपला पिंड आपनच घालतात ना?"

गुरुजी एकदम उठून आत गेले. आतूनच म्हणाले, "मी हे ऐकलं नाही, हंसाबाई." आणि दाराशी परत येऊन, "लागेल तेव्हा निरोप द्या."

निरोप चौथ्या दिवशी द्यावा लागला. पहाट संपता संपता ज्ञानदाला कळा सुरू झाल्या. तारखेच्या आधी. भूपेशने गाडी काढली, वसईच्या इस्पितळात न्यायचं ठरलं होतं. ज्ञानदाने हंसाबाईंचा हात घट्ट धरला होता. "आई, तुम्ही पुढे बसा ना."

"तू हो पुढं. मी येते मागून, कापडं घेऊन." हात सोडवून घेताना तिचा गारवा त्यांच्या कोपरापर्यंत चढला.

गाडी गेटाबाहेर पडली तशा त्या जयवंती वहिनींना घेऊन घाटावर गेल्या. भात त्यांनी स्वतःच शिजवून घेतला होता. गुरुजी आले. या वेळी पाठ केली नाही, समोर बसले. नाव विचारलं, गोत्र विचारलं, सगळं रीतसर. पिंडापुढे फोटो ठेवायची वेळ आली तेव्हा हंसाबाई म्हणाल्या, "फोटो कशाला? मी बसलीय ना."

उंबरावर अकरा कावळे.

पावणेदहाला भूपेशचा फोन आला. आवाज चिरका. "आये, बीपी वर गेलाय. डॉक्टर सही करा बोलतात. तू कुठं हायस?"

"सही कर. मी आलीच." फोन ठेवून त्या पिंडाकडे वळल्या.

जयवंती वहिनींना राहवेना. त्या पुढे झाल्या. "हंसाताई, तुमच्या तुळशीला मी पाणी—"

"वयनी, गप बसा," हंसाबाई म्हणाल्या. "माजं एकच मागं राहिलंय. ते मीच बोलते." आणि झाडाकडे मान वर करून, अगदी भाजीवालीशी बोलावं तशा आवाजात त्या म्हणाल्या, "मयू, आयक. शब्द मी दिला, तिनं नाय. तिला ठावपन नाय. तू ये, खुशाल ये, मी नको बोलनार नाय. पन जिनं बोलावलं तिच्याकडनं घे जे काय घ्यायचं ते. ज्ञानदा तोंड बघंल तुजं, दूध पाजंल, शाळंत सोडंल. ती सुखरूप सुटली तरच माजा पिंड शिव. नायतर तो पिंड हितंच कुजू दे, नि मी हितंच बसते. बघू कोन आधी उठतंय ते."

एक कावळा उतरला. एकच. पिंडापासून हातभर लांब बसला आणि मान वाकडी करून त्यांच्याकडे बघत राहिला. गुरुजींचे ओठ हलत होते, पण आवाज बाहेर येत नव्हता. भरती चढत होती, पाणी पायरीला लागलं, दुसऱ्या पायरीला लागलं. हंसाबाईंच्या लुगड्याचा काठ भिजला. त्या उठल्या नाहीत. कावळाही उठला नाही.

दहा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. हंसाबाईंचे हात भाताने भरलेले, म्हणून जयवंती वहिनींनी घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"आये! मुलगी! ज्ञानदा बरी हाय, बीपी उतरला, एकदम उतरला, डॉक्टरच बघत राहिले! ती बोलली पन माज्याशी, तुला विचारते—"

कावळ्याने दोन पावलं पुढे टाकली आणि पिंडाला चोच लावली.

जयवंती वहिनींनी फोन छातीशी धरला. गुरुजींनी डोळे मिटून घेतले. हंसाबाईंनी मात्र शांतपणे हात खाडीत धुतले, पदराला पुसले.

"चला," म्हणाल्या. "रिक्षा थांबवा. आनि वयनी, फ्रीजमधी खालच्या डब्यात डिंकाचे लाडू हायत. ज्ञानदाला रोज सकाळचा एक. दोन नाय, पचनार नाय तिला."

"तुम्हीच द्या की," जयवंती वहिनी रडत म्हणाल्या.

हंसाबाई रिक्षात बसल्या. वसईला पोचेपर्यंत आणखी बरंच सांगितलं. धुरीला ओवा कुठून आणायचा, भूपेशला कुठली भाजी चालत नाही, गॅसचं पुस्तक कुठे आहे. वहिनी मान हलवत राहिल्या. पोस्टात तार लिहून घेताना कारकून डोळ्यांकडे न बघता कागदाकडे बघतात, तशा.

इस्पितळात ज्ञानदा थकून झोपली होती. गालावर रंग होता. हंसाबाईंनी तिच्या तळव्याला हात लावून बघितला. ऊबदार. मग त्या भिंतीला टेकल्या.

"आजी कोण?" फ्लॉसी नर्स दुपटं घेऊन आत आली. "घ्या बाई, तुमची राजकन्या. रडत नाही अजिबात. आल्यापासून नुसती बघतेय."

हंसाबाईंनी दुपट्याचा कोपरा सारला. काळेभोर डोळे, सावकाश फिरत फिरत येऊन त्यांच्यावर थांबलेले. हातभर बाळ, पण बर्फासारखं गार. त्यांच्या बोटांतून तो गारवा दंडाकडे चढायला लागला, छातीकडे निघाला. त्यांनी बाळ आणखी जवळ घेतलं, ज्ञानदाच्या खाटेकडे पाठ केली आणि कानाशी तोंड नेलं.

"आलीस?" त्या हळूच म्हणाल्या. "बरं. आता जे काय हाय ते तुजं नि माजं. तिच्याकडं बघायचं नाय."